खातूनबीच्या घरात बांगडी फुटत नाही

बेंबळीत असा एकही बायकी हात नसेल, जो खातूनबीनं आपल्या हातात धरून दाबला नाही. बांगड्या भरायला लागून तिला चाळीस वर्षं झाली. आधी डोक्यावर दुरडी घेऊन वस्त्या-वस्त्यांवर फिरायची. आता घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे. नवरा पाशामियाँ कपाटापाशी स्टुलावर बसतो आणि खातूनबी खाली सतरंजीवर. आलेल्या बाईचं तोंड ती नंतर बघते, आधी हात. "पावणेतीन आला," एवढंच ती म्हणते, आणि पाशामियाँ मान वर न करता त्या मापाच्या बांगड्या खाली देतो. हात जेवढा रुंद तेवढा नंबर मोठा. नावं ती विसरते, नंबर विसरत नाही. बायकांना वाटतं, आपण मेल्यावरही ही आपल्याला 'ती अडीचची' म्हणूनच आठवणार. त्यांना वाटतं ते खरं आहे.

स्वभाव तिखट. एकदा चावडीवर दोन गड्यांची जुंपली होती आणि एक दुसऱ्याला म्हणाला, "हातात बांगड्या भरल्यात का रं?" खातूनबी तिथूनच चालली होती. तिनं दुरडी खाली उतरवली आणि म्हणाली, "भरते की. आणा हात, बघू कोण रडत न्हाय ते." त्या शहाण्यानं चारचौघांत हात पुढं केला. पहिली बांगडी बोटांच्या सांध्यांवर आली, आणि गडी असा कळवळला की भांडण जागच्या जागी मिटलं. त्या दिवसापासून बेंबळीत तो टोमणा कुणाला मारायचा झाला, तर तो आधी मागं वळून बघतो.

अशा या खातूनबीच्या घरात एक शब्द मात्र चालत नाही. बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही. नारळ जसा आपण फोडत नाही, वाढवतो, तशीच बांगडी वाढते. तडकू दे, चिरू दे, जात्यावर आपटून तिचा भुगा होऊ दे, ती वाढली. हातातून काढायची असली तरी वाढवायची. घरात दखनी बोलतात, तर तिथंही चुड्या 'बढतात'. बांगड्या फोडतात त्या बाईच्या आयुष्यात एकाच दिवशी, आणि तो दिवस वैरिणीवरही येऊ नये, असं खातूनबी म्हणते.

आणि नेमका हाच शब्द तिच्या नातीनं तिला ऐकवला होता.

नात म्हणजे झरीन, मुलगा अक्रमची थोरली. ती वाढली आजीच्या मांडीवर. खातूनबीच्या गळ्यात तिच्या आईनं दिलेली एकदाणी आहे, सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ. झरीन आकडे शिकली ती त्या मण्यांवर. एकावन्न मणी, म्हणून शाळेत जाण्याआधी तिला एकावन्नपर्यंत यायचं आणि बावन्नाला ती अडायची. पुढं पोरगी मोठी झाली, पहाटे उठून पाडोळीच्या रस्त्यानं पळायला लागली, आणि पोलीस भरतीत लागली. गावानं पेढे खाल्ले. ईदेला खातूनबीनं तिच्या दोन्ही हातांत आठ-आठ बांगड्या भरल्या, हिरव्या, कडेला सोनेरी ठिपका असलेल्या, सव्वादोनच्या, आणि तशीच तिला ट्रेनिंगला पाठवली. वर्दीत बांगडी चालत नाही हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी फोन आला. "दादीमा, इथं बांगड्या चालत न्हाईत. मी फोडल्या."

खातूनबीनं फोन कानाशी घट्ट धरला. "काय केल्यास?"

"फोडल्या."

"मग तो हात माझ्याकडं परत आणू नको," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

खाण तशी माती. आजी हटत नाही म्हटल्यावर नात कशी हटेल? झरीन सुट्टीवर दोनदा आली, बाहेरच्या खोलीत आजोबांशी बोलत बसली, हात ओढणीत गुंडाळून. आजी विचारायची, "जेवलीस?" नात म्हणायची, "व्हय." संपलं. ट्रेनिंग झालं, धाराशिवला मुख्यालयात नेमणूक झाली, राहायला खोली मिळाली, तरी हेच. सव्वा वर्ष खातूनबीनं गावातले हजार हात भरले आणि घरातला एक हात तिला लाभला नाही. रागाच्या आत किती दुखत होतं हे फक्त पाशामियाँला ठाऊक होतं, आणि त्याला बोलायची बंदी होती.

जानेवारीत झरीनचा आजोबांना फोन आला. पाशामियाँनं मुद्दाम फोनचा आवाज मोठा केला. "सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये मी हाय. दुपारी दीड ते पाच सुट्टी. ज्याला यायचं त्यानं यावं."

खातूनबी दोन दिवस त्या 'ज्याला'वर विचार करत होती. 'ज्याला' म्हणजे कोण? तिसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, "मला सोनाराकडं काम हाय. त्याच दिवशी जाते. वाटेत परेड लागली तर बघीन."

पाशामियाँनं दाढीत हसू लपवलं. "जा. पर भांडण मिटवल्याबिगर परत येऊ नको. मी दार उघडणार न्हाय."

सोबतीला सारजाबाई निघाली. ही खातूनबीची चाळीस वर्षांची मैत्रीण, शेतकऱ्याघरची, लग्न होऊन बेंबळीत आली तेव्हा सव्वादोन होती आणि खुरपून खुरपून पावणेतीनला पोचलेली. माहेर तेरखेड्याचं, जिथं फटाके बनतात, आणि तोंडही तिकडचंच. एकदा वात पेटली की माळ संपेपर्यंत थांबायचं. सारजाबाई पहिल्यापासून धाराशिव म्हणते, खातूनबी उस्मानाबाद म्हणते, आणि दोघी एकाच एसटीत अर्ध्या तिकिटावर बसून एकाच ठिकाणी उतरतात.

"सोनाराकडं काय काढलंस?" गाडी सुटल्या सुटल्या सारजाबाईनं विचारलं.

"एकदाणी देऊन टाकायची. दोन सोन्याच्या बांगड्या घ्यायच्या, त्या पोरीला."

"एकदाणी? अगं आईची हाय ती! आन् वर्दीत ती बांगड्या घालील का?"

"न घालू दे. काचेच्या फोडल्या ना? आता म्हणावं ह्या फोडून दाखव."

सारजाबाईनं तिच्याकडं बघितलं. भेट द्यायला निघालेली माणसं तिनं पाहिली होती, भांडायला निघालेलीही पाहिली होती. दोन्हीसाठी एकाच गाडीत बसलेली बाई तिनं पहिल्यांदाच बघितली.

परेडच्या मैदानावर त्या पोचल्या तेव्हा शाळांची पोरं रांगेत उभी राहून कुडकुडत होती आणि जिलेबीच्या कढयांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊत आला होता. सव्वीस जानेवारीला आपल्याकडं झेंड्याला सलाम करतात आणि जिलेबी खातात. आधी काय करायचं हे ज्याच्या त्याच्या वयावर आहे. सारजाबाईनं आधी जिलेबी घेतली. मग दोघींनी मंचाशेजारच्या मांडवात, बायकांच्या जागेत, दोरीला लागून अशी पुढची जागा पटकावली की त्यासाठी एका मास्तरीणबाईंना थोडं सरकावं लागलं. सरकावं लागलं म्हणजे सारजाबाई त्यांच्या मांडीवर बसलीच होती.

झेंडा वर गेला, फुलं पडली, राष्ट्रगीत झालं. सारजाबाई जिलेबीचा हात पदराला पुसून ताठ उभी राहिली. बँड वाजला आणि पलटणी निघाल्या. आधी पुरुषांच्या, मग बायकांची.

"ती बघ झरीन!" सारजाबाई ओरडली. थोड्या वेळानं, "न्हाय, ती बघ!" आणि मग, "अगं, ह्या समद्याच झरीन हायेत!"

टोप्या सारख्या, रंग सारखा, उंची सारखी. तोंडं बघण्यात अर्थच नव्हता. खातूनबीनं चष्मा सरळ केला आणि आयुष्यभर जे बघितलं तेच बघितलं. हात. एका खांद्यावर बंदूक, दुसरा हात मूठ वळून पुढं-मागं. सगळ्या मुठींवर अंगठा बाहेरून चपटा ठेवलेला. दुसऱ्या रांगेत, कडेपासून दुसरी, एकाच मुठीचा अंगठा आत होता.

खातूनबी दोरीवरून पुढं वाकली.

बांगडी भरताना अंगठा तळव्यात दाबायचा असतो, म्हणजे हात लहान होतो. हे तिनंच झरीनला तीन वर्षांची असताना शिकवलं होतं, आणि तेव्हापासून पोरगी घाबरली की अंगठा आत घ्यायची. डॉक्टरची सुई असो, परीक्षा असो, अंगठा आत. मास्तरनं छड्या मारून बघितल्या, सवय गेली नाही. पोलिसात कवायत घेणाऱ्या उस्तादानंही कमी आरडाओरड केली नसणार. आज ती घाबरली होती. कुणी आलंय की नाही हे तिला माहीत नव्हतं.

"दुसरी रांग, कडेनं दुसरी," खातूनबी म्हणाली.

"तोंड तर दिसंना, तुला कसं कळलं?"

"हातच्या काकणाला आरसा लागतो का?"

"पर हातात काकण कुठं हाय!" सारजाबाई म्हणाली, आणि गंमत म्हणजे खातूनबीला त्याचा राग आला नाही. तिनं पुन्हा बघितलं. ते पंचवीस-तीस उघडे हात एकदम वर येत होते, एकदम मागं जात होते, एका दोरीत ओवल्यासारखे. त्यात एखाद्याच हातात बांगडी असती तर ती रांग बिघडली असती. उघडा हात दिसला की आजवर तिच्या अंगावर काटा यायचा. आज पहिल्यांदा तिला उघडा हात देखणा वाटला, आणि त्याची तिला जराशी लाजही वाटली. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. हात सगळ्यांचे मोकळे होते, पण प्रत्येकीच्या कानात कणभर काहीतरी चमकत होतं. झरीनचे कान मात्र रिकामे. आजीनं दिलेल्या मोठ्या बाळ्या वर्दीत चालल्या नसणार.

पलटण मंचापुढं आली, हुकूम झाला, आणि सगळ्या माना एकदम मांडवाच्या बाजूला वळल्या. पुढच्या अधिकारी बाईंनी कडक सलाम ठोकला. तो अर्थातच पाहुण्यांना होता. पण खातूनबीचा हात आपोआप कपाळाकडं गेला आणि ती चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "वालेकुम सलाम!"

मास्तरीणबाई खोकल्या. आसपासच्या दहा बायका हसल्या. आणि पलटणीत कडेनं दुसऱ्या पोरीचे ओठ हलल्यासारखे वाटले. पुढच्या पावलाला तिचा अंगठा बाहेर आला होता.

"सारजे," खातूनबी म्हणाली, "सोन्याच्या बांगड्या राहू दे. पोरीला कानातलं घेऊ."

पुढं चित्ररथ आले, पोलिसांची कुत्री आली, लेझीम झालं, पण खातूनबीनं त्यातलं काहीच नीट बघितलं नाही. तिचं लक्ष आता सोनाराकडं लागलं होतं.

नागप्पा सोनाराचं दुकान तिला जुनं ठाऊक. पण आज काउंटरवर नवीन मुलगी होती, राजेश्वरी, छातीला तिरंगी फीत लावलेली. नागप्पाशेठ आतल्या बाजूला डोळ्याला भिंग लावून कशाला तरी डाग देऊन सांधा जोडत बसले होते. खातूनबीनं एकदाणी गळ्यातून काढून मखमलीवर ठेवली.

"ही एकदाणी वाढवायची," ती म्हणाली.

"हो आजी. किती ग्रॅमनं वाढवायची?"

"ग्रॅमनं न्हाय गं. नुसती वाढवायची."

"म्हणजे दोरा लांब करायचा?"

"लांब कशाला? अगं, वाढवायची आन् दोन मणी काढायचे."

राजेश्वरी गोंधळली. "आजी, मणी काढले तर ती कमी होईल. वाढेल कशी?"

"वाढविल्याबिगर मणी निघतील कसे?" सारजाबाई मदतीला धावली, आणि गोंधळ दुप्पट झाला.

त्या मुलीनं शेवटी डोक्याला हात लावला आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "म्हणजे तोडायची का?"

"अगं अगं अगं!" दोघी एकदम ओरडल्या. सारजाबाईनं तर कानावर हात ठेवले. "सोन्याच्या दुकानात बसतीस आन् तोंडात साखर न्हाय का?"

आतून नागप्पाशेठ हसत बाहेर आले. "तिला काय बोलू नका, खातूनबी. चांगली शिकलेली पोरगी हाय. पर हा शब्द पुस्तकात न्हाय. सांगितल्याबिगर तिला कळावं कसं?" मग राजेश्वरीला म्हणाले, "पोरी, दागिना तुटत नसतो, वाढत असतो. बांगडीपण. कुंकूपण. लक्षात ठेव."

"सॉरी आजी," राजेश्वरी म्हणाली. "मला खरंच माहीत नव्हतं."

खातूनबी तिच्याकडं बघतच राहिली. पोरीचे डोळे पाण्यानं भरायला आले होते. वय झरीनचंच. हातात एक पातळ कडं, माप सव्वादोन. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि झरीनला तरी कुणी सांगितलं होतं? बांगडी कशी भरायची, अंगठा कसा दाबायचा, काच कशी पारखायची, सगळं शिकवलं. पण हा शब्द तिला समोर बसवून कधी शिकवला? घरातलं आहे, आपोआप येईल, असं मी धरून चालले. सव्वा वर्ष मी एका लेकराशी धड बोलले नाही, ते माझ्याच चुकीपायी. खातूनबीला भर दुकानात भडभडून आलं, आणि तिनं ते खोकल्यात घातलं.

"रडू नको बाई," तिनं राजेश्वरीच्या हातावर थोपटलं. "बेंबळीला ये. तुला हिरव्या भरीन."

काय हवं ते तिनं नागप्पाशेठना सांगितलं. मणी अख्खे ठेवून मागं बारीक दांडी जोडायची, फिरकी बसवायची, की झाल्या कुड्या. कानाला लागून बसणाऱ्या, कणभर चमकणाऱ्या. नागप्पाशेठनी दोरा अलगद उसवला, दोन मणी बाजूला काढले आणि उरलेले पुन्हा ओवून दिले. "तासाभरात या," म्हणाले.

त्या तासात खातूनबीनं जे केलं ते तिनं जन्मात केलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला विठाबाई नावाची एक बाई हातगाड्यावर बांगड्या विकत होती. खातूनबी तिच्यापुढं जाऊन उभी राहिली, गिऱ्हाईक म्हणून.

"आपल्या घरी कपाटभर असताना?" सारजाबाईनं विचारलं.

"म्या पिशवीत सव्वादोनच्या आणल्यात. आता त्या व्हायच्या न्हाईत. हात बघितलास न्हाय का? एक नंबर वाढून दोन-सहाचा झालाय."

विठाबाईनं धंद्याच्या सवयीनं विचारलं, "कुणाला भरायच्या, मावशी? हात कुठं हाय?"

"परेडीत."

"बिगर बघता माप घेऊ नका, आमच्याकडं परत घेत न्हाईत."

"मला शिकवू नको," खातूनबी म्हणाली. मग तिनं प्रत्येक बांगडी कानाशी नेऊन वाजवली, चार बाजूला काढल्या, दोनदा पाठ फिरवून निघून गेल्यासारखं केलं आणि परत आली. गिऱ्हाईक म्हणून ती किती छळवादी आहे हे तिला त्या दिवशी कळलं. विठाबाईला आधीच कळलं होतं. शेवटी सोळा बांगड्या बांधून घेतल्या. हिरव्या, कडेला सोनेरी ठिपका.

दीड वाजून गेल्यावर दोघी पोलीस वसाहतीतल्या झरीनच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. झरीननं वर्दी उतरवून सलवार-कमीज घातला होता. दार उघडून ती म्हणाली, "वालेकुम सलाम कोण म्हणालं ते मला कळलं." एवढं बोलून ती थांबली. हात ओढणीत होते.

सारजाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. "एकदाणीचे दोन मणी काढून तुला कुड्या केल्यात!" तिनं उंबऱ्यातच जाहीर केलं. खातूनबीनं वाटेत पाठ करून ठेवलेलं सगळं वाया गेलं.

डबी झरीनच्या हातात आली. तिनं कुड्या बघितल्या, मग आजीच्या गळ्याकडं बघितलं, जवळ आली आणि लहानपणीसारखं बोटानं मणी मोजायला लागली. खातूनबी हलली नाही. एकोणपन्नासला बोट थांबलं.

"झरीन," खातूनबी म्हणाली, "माझं चुकलं बेटा. समदं शिकवलं, तो एक शब्द शिकवायचा राहिला. तुला ठाऊक न्हवतं, आन् म्या..."

"मला ठाऊक होतं, दादीमा."

खातूनबीनं मान वर केली.

"लहानपणापासनं ठाऊक होतं. तुझ्या घरात राहून कसं ठाऊक नसंल?" झरीननं डबी खाली ठेवली. "बांगड्या लई घट्ट भरल्या होत्यास, निघंनात. नळापाशी दगड घेऊन बसले. एकेक करून सोळा. बाजूला समद्या पोरी उभ्या होत्या. फोन केला तवाबी उभ्या होत्या. 'वाढवल्या' म्हणाले असते तर मला तुझं तोंड आठवलं असतं आन् तिथंच रडले असते. पहिल्या दिवशी रडणारी पोलीस कुणाला पाहिजे? म्हणून तो दुसरा शब्द घेतला. तो म्हणताना रडू येत न्हाय."

खातूनबीनं नातीचं डोकं आपल्या छातीशी ओढलं आणि दोघी मनसोक्त रडल्या. सव्वा वर्षाचं साचलेलं होतं, ते काही दोन हुंदक्यांत संपणारं नव्हतं. मग सारजाबाईनं जिलेबीचा पुडा सोडला, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

जिलेबी खाऊन झाल्यावर झरीन हात धुऊन आली, आजीसमोर फरशीवर बसली, आणि ओढणीला पुसून दोन्ही हात पुढं केले. "भर."

खातूनबीनं तो हात घेतला. तळव्याला घट्टे पडले होते, सांधे रुंद झाले होते. तिनं दाबून बघितला, पुन्हा दाबला.

"दोन-सहा," ती म्हणाली. "वाढला माझ्या पोरीचा हात."

झरीननं अंगठा आत घेतला. बांगड्या एकेक करून चढल्या, आठ आणि आठ, एकीचीही काच खुट्ट म्हणाली नाही. भरून झाल्यावर गावातली कुठलीही बाई करते तसं झरीननं वाकून आजीच्या पायांना हात लावला. कानात कुड्या घातल्या. मग साडेचारपर्यंत ती खोलीत उगाचच चहा करत, भांडी हलवत फिरत राहिली, केवळ हात वाजावेत म्हणून.

साडेचारला ती पुन्हा येऊन समोर बसली. "पाचला ड्युटी हाय, दादीमा." आणि हात पुढं करून हळूच म्हणाली, "वाढवून दे."

खातूनबीनं साबणाचं पाणी मागितलं. भरणाऱ्या पुष्कळ असतात. चढवलेली बांगडी अख्खी उतरवणारी एखादीच. सोळाच्या सोळा बांगड्या एकही न चिरता निघाल्या. तिनं त्या दोऱ्यात ओवल्या आणि भिंतीवर वर्दीच्या पट्ट्याशेजारच्या खिळ्याला टांगल्या. कुड्या मात्र कानातच राहिल्या.

एसटीत बसल्यावर पाशामियाँचा फोन आला. गाडीच्या आवाजात तो ओरडून विचारत होता, "काय झालं? भांडणाचं काय केलीस?"

"वाढवलं!" खातूनबी म्हणाली.

पुढच्या सीटवरच्या माणसानं दचकून मागं बघितलं. बायकोनं भांडण वाढवलं असं भर गाडीत सांगितल्यावर नवऱ्याचं काय होत असेल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण पाशामियाँ जन्माचा बांगडीवाला. फोनमधून त्याचं हसणं सारजाबाईपर्यंत ऐकू आलं.

"ये मग," तो म्हणाला. "दार उघडंच हाय."